पुस्तक-पुरस्कारांचं दप्तर कुणाकडे आहे? (पुणे आणि परिसर)

जुनी_वही

नमस्कार मंडळी.

आमच्या पेठेतलं वाचनालय दरवर्षी मराठी पुस्तकांना पुरस्कार देतं. रक्कम मोठी नाही, हॉलही मोठा नसतो. काम करणारे आठ-दहा जण, सगळे नोकरी-संसार सांभाळून येणारे. मानधन कुणालाच नाही, परीक्षकांनाही नाही. यंदा कार्यकारिणीत ठरलं की या उपक्रमाचा इतिहास एकदा लिहून काढू या, आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं.

कपाट उघडलं. निमंत्रणपत्रिका निघाल्या, कात्रणं निघाली, शाल-श्रीफळ देतानाचे फोटो निघाले, विजेत्यांच्या याद्याही निघाल्या. पण त्या त्या वर्षी आलेली पुस्तकं कुणी वाचली, शेवटच्या दोघांत घोडं कुठे अडलं, कुठलं पुस्तक अगदी थोडक्यात राहिलं, याचा एक कागद सापडला नाही. इतिहास म्हणून आम्ही जपलं ते सगळं समारंभाचं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण खरं काम समारंभाच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांत होतं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाहन छापून आलं की पार्सलं यायला लागतात. रविवारी सकाळी सतरंजी अंथरून आम्ही ती फोडायला बसतो. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती. शीर्षकपानामागचं पान उघडून प्रकाशनाचं साल बघायचं, आवक वहीत नोंद घालायची, आणि तो क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहायचा. मोठ्या प्रकाशकांची खोकी येतात, छापील यादीसकट. मध्येच एखादं पार्सल तालुक्याच्या गावाहून आलेलं असतं, कापडात शिवलेलं, वर निळ्या शाईनं पत्ता. आत स्वखर्चानं छापलेला कवितासंग्रह, आणि वहीच्या फाडलेल्या पानावर चिठ्ठी, की पुरस्कार मिळाला नाही तरी चालेल पण वाचल्याचं तेवढं कळवा. अशा चिठ्ठ्या मी फेकत नाही. माझ्याकडे अकरा आहेत.

आपलंच दप्तर रिकामं निघाल्यावर वाटलं, जरा मागे जाऊन बघू. पुण्यात पुस्तकाला बक्षीस देण्याची रीत आली कुठून? वाचत गेले तर थेट पेशव्यांच्या दक्षिणेपर्यंत पोचले.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची ही प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची, पुढे ती पेशव्यांनी चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती वाटली जाई. पेशवाई गेल्यावरही इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. तिच्यातल्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ मध्ये लोकहितवादी (गोपाळ हरी देशमुख) आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहरात केवढा गहजब झाला असेल! अर्जदारांना मारहाण होईल अशी भीती होती. फुल्यांच्या चरित्रात हा प्रसंग येतो: बावीस वर्षांचे जोतीराव आपली माणसं घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली, आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली.

त्याच फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक त्याच कमिटीकडे पाठवलं. गरोदर शेतकरी बाई, तिचा नवरा, त्यांना ग्रहदशा सांगून लुबाडणारा जोशी, मध्ये मध्ये बोलणारा विदूषक, आणि शेवटी शाळेकडे वळणारं ते जोडपं. कमिटीनं ते घेतलं नाही. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं. ते नाटक छापून लोकांसमोर आलं १९७९ मध्ये. मध्ये १२४ वर्षं गेली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बक्षिसाच्या बाजूनं हा माणूस उभा राहिला, त्याच बक्षिसाच्या दारातून त्याचं पुस्तक परत आलं. आणि मला हे कळलं कशामुळे, तर ज्याला नाकारलं त्यानंच लिहून ठेवलं म्हणून. प्रत्येक नाकारलेल्या लेखकाच्या हातून असं लिहून होत नाही. म्हणून दप्तर ठेवण्याची जबाबदारी निवडणाऱ्यांची आहे असं मला मनापासून वाटतं.

तर विनंती अशी: तुमच्यापैकी कुणी, कुणाच्या आईवडिलांनी, आत्या-काकांनी पुण्यात किंवा आसपास अशा पुरस्कारांसाठी काम केलं असेल, परीक्षक म्हणून पुस्तकं वाचली असतील, तर आठवेल तसं लिहा. वह्या, टिपणं, गुणपत्रिका असतील तर रद्दीत घालू नका.

मुळाकाठ

फार महत्त्वाचा धागा. मधली कडी जोडतो.

मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरली, तेच पहिलं मराठी साहित्य संमेलन मानतात. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण फुल्यांना गेलं होतं आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. ते पत्र सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या तीस वर्षं आधीचं नाटकाचं प्रकरण शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. तुम्ही ठेवलंत, बरं केलंत.

१८९४ मध्ये रानड्यांच्याच पुढाकारानं पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी निघाली. आजची महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था ती हीच, आणि ती अजून ग्रंथांना पुरस्कार देते. नाव बघा, ग्रंथोत्तेजक. ग्रंथाला उत्तेजन द्यायचं, ग्रंथकाराची मिरवणूक हा त्यातला दुय्यम भाग.

२७ मे १९०६ ला पुण्याच्याच संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. अध्यक्ष होते गोविंद वासुदेव कानिटकर. त्यांच्या पत्नी काशीबाई स्वतः लेखिका, लग्नानंतर घरच्यांच्या टोमण्यांना तोंड देत लिहायला-वाचायला शिकलेल्या. १९०६ च्या बातम्यांत गोविंदरावांचं नाव मोठं. पुढच्या पिढ्यांनी वाचलं ते काशीबाईंना.

टिळक रस्त्यावरच्या परिषदेचे वार्षिक ग्रंथपुरस्कार वर्धापनदिनाच्या सुमारास, म्हणजे मे महिन्यात होतात. त्यातले बरेचसे देणगीदारांनी आपल्या माणसाच्या नावानं ठेवलेल्या ठेवींवर चालतात. लहान संस्थांनीही हीच रीत उचलली.

शाईची_दौत

ठेवींचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या उपनगरातल्या मंडळाची मी सहा वर्षं खजिनदार होते.

एका काकूंनी नव्वदच्या दशकात यजमानांच्या स्मरणार्थ एक लाख रुपये दिले. बँकेचा दर तेव्हा बारा टक्क्यांच्या घरात, वर्षाला बारा हजार व्याज यायचं. त्यातून कादंबरीला पाच, कवितेला पाच आणि उरलेले हॉल-चहाला, असं छान बसायचं. मुद्दल मोडायची नाही ही अट. आता दर सहा-सातवर आला. हॉलचं भाडं कितीतरी पटींनी वाढलं, मानचिन्ह महागलं. पुरस्काराची रक्कम जाहीर झालेली, ती कमी करायला जीव होत नाही. मग तूट कोण भरणार? कार्यकर्तेच. आम्ही सहा जणी दर वर्षी पाकिटात घालून देतो आणि पावती देणगी म्हणूनच फाडतो. हे कुठल्याही अहवालात नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं. पुस्तक पाठवायचा खर्च एकदम वाढला. दोन प्रती पाठवा असं आवाहन करताना आता मला संकोच वाटतो. गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या मुलानं स्वतःच्या खिशातून पुस्तक छापलं असेल तर टपालाचे पैसेही त्याला जड. आम्ही यंदापासून पहिल्या पुस्तकासाठी एकच प्रत मागायचं ठरवलं. दुसरा परीक्षक ती प्रत पहिल्याकडून घरी जाऊन आणतो.

दुरून_वाचक

एक प्रत मागायचा निर्णय उत्तम. मी सध्या देशाबाहेर असतो. महाराष्ट्र फाउंडेशनचे साहित्य पुरस्कार १९९४ पासून अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या देणग्यांवर चालू आहेत, आणि इथल्या निवडीची, समारंभाची जबाबदारी पुण्यातल्या 'साधना' साप्ताहिकानं बरीच वर्षं पेलली आहे. तेही याच इतिहासात यायला हवं.

सरळ_प्रश्न

धागा आवडला. पण एक स्पष्ट बोलतो, राग नसावा.

आज 'राज्यस्तरीय' नाव लावून निघणाऱ्या पुरस्कारांत प्रवेशशुल्क घेणारे किती आहेत? माझ्या पहिल्या कथासंग्रहाला अशाच एका ठिकाणाहून पत्र आलं. शुल्क भरा, पुस्तक पाठवा. भरलं. समारंभाला गेलो तर व्यासपीठावर चाळीस विजेते आणि समोर त्यांचेच नातेवाईक. ज्यांनी मला मानपत्र दिलं त्यांनी माझ्या पुस्तकाचं नाव चुकीचं वाचलं. बायको सोबत आली होती. परतीच्या एसटीत आम्ही दोघं काही बोललो नाही. ते मानपत्र मी भिंतीवर लावलेलं नाही.

म्हणून विचारतो, तुमच्या वाचनालयाचा पुरस्कार त्याहून वेगळा आहे हे लेखकानं कशावरून ओळखायचं?

जुनी_वही

@सरळ_प्रश्न, राग कसला? हा प्रश्न प्रत्येक लेखकानं विचारायला हवा, आणि तुमच्या वाट्याला जे आलं ते वाचून मला मनापासून खेद वाटला.

मला सुचणारी खूण एकच. पुस्तक वाचलं गेलं का? आमच्याकडे शुल्क नाही. प्रत्येक पुस्तक दोघं जण वाचतात, एकमेकांना न विचारता गुण देतात, आणि गुणांत फार तफावत असेल तर तिसऱ्याकडे जातं. लेखक कार्यकर्त्यांच्या नात्यातला किंवा मैत्रीतला असेल तर तो कार्यकर्ता त्या विभागातून त्या वर्षापुरता बाहेर राहतो. अंतिम बैठकीत परीक्षकानं पुस्तक हातात घेऊन बोलायचं, पान उघडून. ज्याला पान उघडता येत नाही त्यानं वाचलेलं नाही हे लगेच कळतं.

पण आमच्याकडून एकदा जे घडलं ते इथे सांगितलंच पाहिजे, त्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी समारंभानंतर खोकी आवरताना तळाशी एक पुस्तक सापडलं. ललित लेखांचं, पहिलंच. त्यावर पेन्सिलीचा क्रमांक नव्हता. माझ्याच हातून नोंद राहिली होती. दोन्ही प्रती एकमेकींना चिकटलेल्या, पान उलटलेलंसुद्धा नाही. मी ते त्या रात्री वाचलं. पुरस्कार त्यालाच मिळाला असता असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या पाचांत ते नक्की आलं असतं.

लेखक शिरूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. पत्र लिहावं असं आधी वाटलं, मग मीच गेले. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आता वाचलंत का?" मी हो म्हटलं. "कुठला लेख आवडला?" मी विहिरीवरच्या लेखाचं सांगितलं. त्यांनी घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि त्या विहिरीबद्दल तासभर बोलले. मी पुण्याला परत आले ती एक ठरवूनच: आवक वही आणि खोकी यांची मोजणी दोन वेगवेगळ्या माणसांनी करायची. ते आजपर्यंत पाळतो आहोत.

सरळ_प्रश्न

वाचलं. पुढचा संग्रह तुमच्याकडे पाठवीन.

कसब्यातली

धागाकर्ती, तुमच्याबद्दलचा आदर वाढला.

निवड समितीच्या कागदांचं महत्त्व डिसेंबर २०२२ मध्येही दिसलं. माओवादी असल्याचा आरोप झालेल्या कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला, आणि काही दिवसांतच शासनानं तो रद्द करून निवड समितीच बरखास्त केली. शासकीय समित्यांवरच्या काहींनी राजीनामे दिले, काही लेखकांनी आपले पुरस्कार घेतले नाहीत. पुस्तकाविषयी कुणाचं काहीही मत असो, ज्यांनी वाचून निर्णय दिला त्यांचा निर्णय न वाचता पुसणं मला पटत नाही. लहान वाचनालयाचा पुरस्कार पैशानं लहान असेल, पण त्याचा निर्णय कुणी वरून पुसू शकत नाही. तेवढ्यासाठी पाकिटात पैसे घालावे लागले तरी घालावेत.

जुळारी

उशिरा लिहितो आहे. माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे छपाईचे खिळे जुळवून मजकूर लावणारे. शेजारच्या मंडळाचं हिशेबाचं आणि बक्षिसांचं दप्तर त्याच छापखान्याच्या माळ्याखालच्या कपाटात असायचं, कारण मंडळाला स्वतःची जागा नव्हती. वडील रात्री खिळे परत खणांत टाकून झाले की बक्षिसाला आलेली पुस्तकं वाचत. परीक्षक नव्हते ते. पण मंडळातले लोक त्यांना विचारत, "तुम्हाला काय वाटलं?" छापताना ज्यानं अक्षर न् अक्षर बोटांनी उचललंय त्याचं मत घेतलं पाहिजे असं त्यांना वाटे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पाणी ओसरल्यावर वडील छापखान्यात गेले तेव्हा खिळ्यांच्या केसेस चिखलानं भरल्या होत्या. खिळे धुऊन घेता आले. कपाटातलं दप्तर मात्र एकसंध गोळा झालं होतं, विटेसारखं. वडिलांनी ते उन्हात ठेवून पानं सोडवायचा प्रयत्न केला, दोन दिवस. एक पानही वाचता आलं नाही. ते मंडळ नंतर उभंच राहिलं नाही. पुण्यात जुन्या उपक्रमांचे कागद का सापडत नाहीत याचं निदान नदीकाठच्या पेठांपुरतं एक उत्तर हे आहे.

शाईची_दौत

काका, हे तुम्ही सविस्तर लिहा. मी टंकून देते, तुम्ही नुसतं सांगा.

जुनी_वही

@जुळारी काका, तुमच्या वडिलांची गोष्ट आमच्या पुस्तिकेत घ्यायला परवानगी द्याल का? तुमच्या शब्दांत, काहीही न बदलता.

जुळारी

अवश्य घ्या. वडिलांना बरं वाटलं असतं.

पत्ताबदल

हा धागा वाचून काल कोथरूडच्या घरी आत्याची ट्रंक उघडली. आत्या शाळेत मराठी शिकवायची, आणि बरीच वर्षं एका वाचनालयाच्या पुरस्कारासाठी पुस्तकं वाचायची. ते वाचनालय आता बंद झालंय, तिथे इमारत उभी आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की ती दुपारभर खिडकीशी बसून वाचत असे, मांडीवर वही. आम्हा मुलांना दंगा करायला परवानगी होती, फक्त त्या पुस्तकांना हात लावायची नव्हती.

वही सापडली. दोनशे पानी, कापडी बांधणीची. दर पुस्तकाला एक पान. पण पुस्तकाची नावं नाहीत. डोक्यावर फक्त नोंद क्रमांक, बहुधा नाव बघून मत ठरू नये म्हणून तिनंच तसं केलं असावं. खाली गुण आणि चार-सहा ओळी. एका वर्षात एकतीस पुस्तकं आहेत. काही ठिकाणी कडक लिहिलंय, "लेखकाला पात्रांची कीव येते, म्हणून आपल्याला येत नाही." काही ठिकाणी नुसतं "पुन्हा वाचावं".

सगळी पानं फोटो काढून देतो. पण त्यातलं एक पान इथेच टंकतो, कारण रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

"नोंद १७. पहिली चाळीस पानं पाठ्यपुस्तकासारखी. मग लेखिका आईच्या माहेरी जाते, तिथून पुस्तक जिवंत. जात्यावरच्या ओव्या आईनं म्हटल्या तशाच दिल्या आहेत, शुद्ध केलेल्या नाहीत. शेवटी आई जातं विकते ते पान वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाषेला सहा, बाकी सगळ्याला दहा. बैठकीत दोघांना पटलं नाही. माझं मत कायम."

वर्ष वहीवर लिहिलेलं नाही, पण आधीच्या पानांत कागदाच्या टंचाईचा उल्लेख आहे आणि पुस्तकाची किंमत बारा रुपये अशी नोंद आहे. गद्य आहे, लेखिका आहे, आईच्या जात्याबद्दल आहे, आणि पुरस्कार मिळालेला नाही. कुणाच्या घरी असं पुस्तक आहे का?

मुळाकाठ

किमतीवरून सत्तरचं दशक वाटतंय. पुणे मराठी ग्रंथालयात त्या काळातली ललितगद्याची पुस्तकं काढून बघतो. शनिवारी जातो.

जुनी_वही

मीही येते. आवक वही कुणाकडे असेल तर तीही शोधू या. त्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल हयात आहेत का, कुणाला माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.